लठ्ठ उंदरांना थेट साध्या पेलेटवर आणू नका
एकाने विचारलंय, प्रयोगासाठी ६० टक्के कॅलरी चरबीतून देऊन लठ्ठ केलेले उंदीर वजन उतरवायला सरळ साध्या पेलेटवर (प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या खाद्याच्या गोळ्यांवर) आणले तर चालेल का. वजन उतरेल, पण कशामुळे ते सांगता येणार नाही. साध्या पेलेटमध्ये धान्य, सोया, भरपूर तंतू. म्हणजे चरबीबरोबर बाकी सगळंच बदललं. लठ्ठ करणाऱ्या आहारातल्याच घटकांचा, पण १० टक्के कॅलरी चरबीतून देणारा शुद्ध आहार (अख्ख्या धान्याऐवजी वेगळे काढलेले घटक मोजून बनवलेला) घ्या.

कॅलरी कपात करणार असाल तर आधी आठवडाभर प्रत्येकाचं खाणं मोजा, मग त्याच्या ७० ते ८० टक्के द्या. जीवनसत्त्वं-खनिजं त्या प्रमाणात वाढवलेलीच हवीत, नाहीतर कुपोषणालाच उपचार समजाल. पिंजऱ्यात एकच उंदीर ठेवा. दोघांत दांडगा दुसऱ्याचंही खातो. आणि कमी दिलेलं अन्न ते काही तासांत फस्त करतात, पुढे उपासच! हा परिणाम कपातीत मिसळतो, म्हणून देण्याची वेळ रोज एकच, दिवे मालवण्याच्या सुमारास.

आपल्या गोव्यातल्या पावसाळ्यात जास्त चरबीच्या खाद्याच्या गोळ्या मऊ पडतात, खवट वास येतो. हवाबंद डब्यात फ्रीझरमध्ये ठेवा, पिंजऱ्यातल्या दर दोन-तीन दिवसांनी बदला. भुसा चाळून खाली सांडलेला चुरा वजन करून वजा करा. उंदीर कुरतडून बरंच सांडतात आणि वहीत ते खाल्लेलं म्हणून चढतं.