आधी दुर्बीण, टेलिस्कोप नंतर
मुंबईच्या उजेडात तारेच दिसत नाहीत, मग शाळेत खगोल क्लब काढून दाखवणार काय, हे म्हणणं मला अर्धंच पटलं. आकाशगंगा नाही दिसत, खरंय, पण चंद्र आणि गुरू तर दिसतात ना! आमच्या दादरच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीवर टेकवून साधी १० बाय ५० ची (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगांची) दोन डोळ्यांची दुर्बीण लावली, शेजारची सातवीतली पोरगी म्हणते काका गुरूच्या बाजूला ठिपके आहेत, मी काहीच सांगितलं नाही, नुसतं वहीत काढून ठेव म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी ठिपके सरकलेले! ते गुरूचे चंद्र. गॅलिलिओने १६१० मध्ये हेच केलं होतं. शाळा मात्र आधी महागडा टेलिस्कोप घेतात, मग तो कपाटात कुलूपबंद. वर्षातून एकदा मुंबईबाहेर वांगणीला, काळोख्या आकाशाखाली न्या पोरांना. पावसाळ्यात काय, वरळीचं तारांगण आहेच.