२००७ ची एसटीआय, ट्रॅकवर तिसऱ्या लॅपला दम तुटतो, फ्रंट माउंट इंटरकूलर घालू का?

बूस्टवेडा०७

मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज विचारतोच. माझ्याकडे २००७ ची सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स एसटीआय आहे, २.५ लिटरचं ईजे२५७ इंजिन, टर्बो फॅक्टरीचाच, फक्त डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्टचा पाइप) बदललाय आणि मॅप (इंजिनाच्या कंप्युटरचं ट्यूनिंग) करून घेतलाय, बूस्ट म्हणजे टर्बोने वाढवलेला दाब १.१ बारच्या आसपास. रस्त्यावर गाडी एकदम झकास पळते, काही तक्रार नाही. पण ट्रॅक डेला पहिले दोन लॅप मस्त जातात आणि तिसऱ्यापासून गाडी मवाळ पडते, सरळ पट्ट्यावर आधी जिथे पाठीत धक्का बसायचा तिथे नुसतीच वेग धरते. लॉग काढला तर नॉक करेक्शन (पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोकलं, म्हणजे नॉक झाला, की कंप्युटर ठिणगीचं टाइमिंग जेवढं मागे ओढतो ते) उणे दिसतंय आणि एकदा तर आयएएम (कंप्युटरला टाइमिंगवर किती भरवसा आहे तो आकडा, पूर्ण असेल तर १) १ वरून ०.७५ वर उतरला.

मला कोडं पडलंय ते असं की लॉगमध्ये इनटेकचं तापमान पूर्ण वेळ ३५ ते ३८ डिग्रीच दिसतं. म्हणजे हवा थंड आहे ना? मग नॉक कुठून येतोय? ओळखीतले सगळे म्हणतात बोनेटखालचा इंटरकूलर (टर्बोने तापवलेली हवा निववणारा रेडिएटरसारखा भाग) काढून टाक आणि पुढे बंपरमागे मोठा घाल, पण त्यात पाइप लांब होतात, लॅग (पाय दाबल्यावर ताकद यायला लागणारा वेळ) वाढतो म्हणतात, रेडिएटर झाकला जातो, पुन्हा मॅप करावा लागतो. दुसरा पर्याय म्हणजे आहे त्याच जागी मोठा टॉप माउंट. या इंजिनाच्या पिस्टनच्या रिंगलँड (रिंगांच्या मधल्या कडा) तुटण्याच्या गोष्टी ऐकून झोप उडालीय, त्यामुळे जे करायचं ते एकदाच आणि नीट करायचंय. कोणी स्वतः बसवलं असेल त्याने कृपया सांगा.

पानापकड

भावा, आधी ते ३८ डिग्री डोक्यातून काढ. तुझ्या गाडीत तो सेन्सर मास एअरफ्लो सेन्सरमध्येच आहे, म्हणजे एअर फिल्टरच्या मागे आणि टर्बोच्या आधी. तो बाहेरून आत येणाऱ्या हवेचं तापमान सांगतोय. टर्बोने दाबल्यावर आणि इंटरकूलरमधून गेल्यावर हवा किती गरम आहे हे तुझ्या ईसीयूला (इंजिनाच्या कंप्युटरला) माहीतच नाही, त्याला कळतं ते थेट नॉक सेन्सर ओरडल्यावर, आणि तोवर जे व्हायचं ते सुरू झालेलं असतं. आयएएम उतरला म्हणजे गाडी तुला हात जोडून सांगतेय की थांब, त्यामुळे हे सुटेपर्यंत ट्रॅकवर जोर लावू नकोस ही कळकळीची विनंती.

आता हिशेब बघ म्हणजे कळेल काय चाललंय. आत येणारी हवा ३० डिग्री, बूस्ट १ बार, म्हणजे दाब दुप्पट. कंप्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर टर्बोतून हवा जवळपास १२५ डिग्रीला बाहेर पडते. इंटरकूलर त्यातली ७० टक्के वाढ काढू शकला तर इंजिनात जाते ५८ च्या पुढे, ८५ टक्के काढली तर ४४ च्या आसपास. या दोघांत हवेच्या घनतेचा फरक साडेचार टक्के पडतो. ताकदीत तेवढीच भर पडेल, पण खरा फायदा नॉकपासून मिळणाऱ्या अंतराचा आहे, ते १४ डिग्री म्हणजे ईसीयूला टाइमिंग मागे न ओढता चालवायची मोकळीक.

आणि हे सगळं गाडी पळत असताना. पिटमध्ये उभी असली की टॉप माउंट टर्बोच्या आणि इंजिनाच्या उष्णतेत शिजतो, कोअर (इंटरकूलरची जाळी) स्वतःच तापून बसतो आणि बाहेर पडल्यावर पहिले काही सेकंद हवा थंड व्हायच्या ऐवजी उलटी गरम होते.

म्हणून माझा सल्ला, काहीही विकत घ्यायच्या आधी इंटरकूलरच्या पुढे, थ्रॉटल बॉडीच्या आधी उघड्या टोकाचा पटकन प्रतिसाद देणारा तापमान सेन्सर बसव आणि एक पूर्ण सेशन लॉग कर. जमलं तर कोअरच्या आधी आणि नंतर दाबही मोज. दोन्हीतला फरक ०.१ बारच्या आत असेल तर कोअर ठीक वाहतोय. ०.२ बार पडत असेल तर टर्बो फुकट राबतोय, तेवढा दाब भरून काढायला तो जास्त फिरतो आणि हवा अजून गरम करतो.

निळीएसटीआय

पानापकड दादांशी सहमत, फक्त माझा अनुभव सांगते कारण मी फ्रंट माउंट घातलाय आणि पहिले दोन महिने रडले आहे.

मोठा टर्बो घालणार असशील तर फ्रंट माउंट कर, नाहीतर त्या कामाचा पसारा बघून ठरव. बंपर उतरवायचा, हॉर्न हलवायचा, फॉग लॅम्पच्या मागे जागा करायची, बायपास व्हॉल्व्ह (पाय उचलल्यावर अडकलेला दाब सोडणारा) टॉप माउंटवरच बसलेला असतो त्यामुळे त्याला पाइपवर नवी जागा द्यायची आणि त्याची परत जाणारी नळी टर्बोच्या आधीच्या इनटेकला जोडायची. ती बाहेर मोकळी सोडू नकोस, एअरफ्लो सेन्सरने मोजलेली हवा बाहेर गेली की पेट्रोल तेवढंच पडतं आणि पाय उचलल्यावर गाडी रिच (पेट्रोल जास्त) होऊन अडखळते. काही किटांमध्ये पुढचा क्रॅश बीम कापायला सांगतात. मी नाही कापला, बीम न कापता बसणारा किट शोधला, आणि तूही तेच कर, तो बीम तुझ्या गुडघ्यांसाठी आहे.

माझा त्रास कुठे झाला तर जोडांमध्ये. एक सिलिकॉन होज पाइपच्या गुळगुळीत टोकावर बसवला होता, टोकाला उठाव नव्हता, तिसऱ्या दिवशी फुल्ल बूस्टमध्ये फटकन सुटला आणि काळा धूर. तो पाइप बदलून उठाव असलेला घेतला, टी-बोल्ट क्लॅम्प लावले. मग महिन्याने बारीक गळती, ती कशी कळली तर बूस्टमध्ये मिक्श्चर रिच आणि आयडलला उलट लीन (पेट्रोल कमी), कारण व्हॅक्यूममध्ये त्याच फटीतून न मोजलेली हवा आत शिरते. इनटेकचं तोंड बंद करून १ बार हवा भरली आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारलं, बुडबुडे लगेच दिसले. ही टेस्ट बसवल्या दिवशीच केली असती तर एवढी वणवण वाचली असती.

इंजिन माउंटवर हलतं आणि बंपरमागचा कोअर बॉडीला घट्ट असतो हेही लक्षात ठेव, मध्ये एखादा फुगीर होज हवाच. आणि नवा कोअर बसवण्याआधी आतून धुऊन पूर्ण वाळव, माझ्यात अ‍ॅल्युमिनियमचा कीस निघाला होता.

बूस्टवेडा०७

बापरे, सेन्सर टर्बोच्या आधी आहे हे मला माहीतच नव्हतं, म्हणजे मी वर्षभर चुकीचा आकडा बघून निर्धास्त होतो. सेन्सर आणतो आणि बसवतो. एक शंका, फ्रंट माउंटच्या लॅगचं कितपत खरं आहे? आणि टॉप माउंट घेतला तर कोअरच्या बांधणीच्या दोन प्रकारांत बार अँड प्लेट की ट्यूब अँड फिन?

हवेचीवाट

लॅगचा हिशेब सोपा आहे. तुझं २.५ लिटरचं इंजिन ४००० आरपीएमला सेकंदाला ढोबळ मानाने ८३ लिटर हवा ओढतं. पाइप आणि कोअर मिळून ६ लिटर जागा वाढली तरी ती भरायला सेकंदाचा दहावा हिस्साही लागत नाही. लोकांना जो लॅग जाणवतो तो बहुतेक वेळा गळतीचा किंवा दाब पडणाऱ्या कोअरचा असतो.

कोअरचं म्हणशील तर बार अँड प्लेट जड असतो, तापायला वेळ घेतो आणि एकदा तापला की निवायलाही वेळ घेतो, दगड लागला तरी टिकतो. ट्यूब अँड फिन हलका, पटकन निवतो, त्याच्यातून बाहेरची हवा सहज आरपार जाते म्हणून फ्रंट माउंटमध्ये मागच्या रेडिएटरला बरा. तुझ्या छोट्या छोट्या सेशनसाठी आणि टॉप माउंटच्या जागेसाठी मी बार अँड प्लेट घेईन. पण जाडीच्या मागे लागू नकोस, हवा पहिल्या काही सेंटिमीटरमध्येच तापते आणि मागचा भाग त्याच गरम हवेत बसतो. समोरून दिसणारं क्षेत्रफळ जास्त कामाचं.

आता माझा आवडता मुद्दा, कारण याच्याकडे कोणी बघतच नाही. बोनेटवरच्या स्कूपमधून आलेली हवा कोअरमधूनच गेली पाहिजे. हवेला सोपी वाट मिळाली की ती तिथून पळते. बोनेटच्या आतल्या बाजूला जो प्लास्टिकचा डक्ट आणि फोमची पट्टी असते ती कोअरच्या चारही कडांना टेकते का बघ. काजळी किंवा रंगीत खडू कोअरच्या कडेला लाव, बोनेट बंद कर, उघड, पट्टीवर खूण कुठे नाही ते दिसेल. मोठा टॉप माउंट घेतलास आणि डक्ट जुनाच ठेवलास तर वाढवलेला भाग नुसता गरम होत बसेल. टर्बोवर उष्णतारोधक ब्लँकेटही टाक. आणि कोणताही कोअर घाल, नंतर मॅप तपासून घेच.

बूस्टवेडा०७

तीन आठवड्यांनी परत आलो, लॉग घेऊन. आयएएम आधी परत १ वर येऊ दिला, मग सेन्सर बसवून हळू हातानेच एक सेशन केलं. तिसऱ्या लॅपला सरळ पट्ट्याच्या शेवटी ७१ डिग्री, आणि तेव्हा माझा जुना आकडा सांगत होता ३७. पिटमध्ये दहा मिनिटं उभी ठेवली तर ८० च्या पुढे.

घरी येऊन खडूची खूण करून बघितली तर ड्रायव्हरच्या बाजूची फोमची पट्टी अर्धी निखळलेली, आणि कोअरच्या एका कोपऱ्यातल्या फिन आडव्या झोपलेल्या. पट्टी नवी चिकटवली, फिन बारीक चिमट्याने एकेक करून सरळ केल्या, दोन संध्याकाळी गेल्या त्यात. पुढच्या सेशनला, हवा साधारण तशीच असताना, तिसऱ्या लॅपला ६३. काहीही विकत न घेता! नॉक करेक्शन अजून एखाद्या ठिकाणी दिसतं, पण आयएएम १ वरच राहिला.

टर्बो बदलायचा नाहीये त्यामुळे फ्रंट माउंट बाद. बार अँड प्लेटचा मोठा टॉप माउंट सांगितलाय, कोअरच्या टोकांना ओतीव टाक्या असलेला, सोबत त्याच मापाचा डक्ट. पानापकड दादा, दाबाचा फरक अजून मोजायचा राहिलाय, तो जुना कोअर गाडीत असतानाच मोजून ठेवतो म्हणजे नव्याशी तुलना होईल. निळीएसटीआय ताई, साबणाचं पाणी तयार आहे. बायपास व्हॉल्व्हखालचं गॅस्केट मात्र फिन सरळ करायला कोअर काढला तेव्हाच फाटलं, सध्या तात्पुरतं कापून बसवलंय, मूळ गॅस्केट मागवलंय, ते हातात आल्यावरच काम सुरू करणार.