सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अलार्मचा आकडा ६८ वर गेला तरी वाजला नाही, बाळंतिणीच्या खोलीत नेमका कुठं लावायचा?

परभणीचा_मामा
राम राम मंडळी. घाईत लिहायलो, समजून घ्या. बहीण बाळंतपणाला माहेरी आलीय, पोरगी झाली, आज सोळावा दिवस. आमच्या परभणीची थंडी तुम्हाला माहितीच आहे, रोज पेपरात कृषी विद्यापीठाचं तापमान छापून यायलंय. घर जुनं माळवदाचं, मागं दोन स्लॅबच्या खोल्या काढल्यात, त्यातल्या एकीत ताई, बाळ आणि आज्जी झोपतात. खोली दहा बाय बाराची, एकच खिडकी, तिला आज्जीनं गोधडी लावलीय कारण ओल्या बाळंतिणीला वारं लागू द्यायचं नाही. बाजेखाली सकाळ-संध्याकाळ कोळशाची शेगडी, वर ओवा-शेपा-वावडिंगाची धुरी. खोलीला लागूनच बाथरूम, गॅस गिझर आतच बसवलेला, बाळंतिणीला कढत पाणी लागतं म्हणून तो बराच वेळ चालू असतो.

हे बघून मला धास्ती वाटायली म्हणून ऑनलाइन कार्बन मोनॉक्साइडचे, म्हणजे कोळसा-गॅस नीट न जळता होणाऱ्या बिनवासाच्या विषारी वायूचे, दोन अलार्म मागवले, बॅटरीवरचे, आकडा दाखवणारे. काल संध्याकाळी एक बाजेजवळ स्टुलावर ठेवला. वीसेक मिनिटात आकडा शून्यावरून ६८ वर गेला, पण अलार्म वाजलाच नाही! मी खिडकी उघडली तसा हळूहळू उतरला. पीस खराब आलाय का, परत पाठवू? आणि भिंतीला वर लावायचा का खाली? दुकानदार म्हणतो गॅसचा अलार्म जमिनीजवळ लावतात, चुलतभाऊ म्हणतो छताला लाव. ताईचं डोकं चार दिवसांपासून दुखायलंय, घरचे म्हणतात बाळंतपणाचा थकवा. कोरोनातला ऑक्सिमीटर लावून बघितला, ९८ दाखवतो, म्हणून तेवढा घाबरलो नाही.

सिस्टर_लातूर
दादा, अलार्म भिंतीला कुठं लावायचा ते नंतर बघू. आधी शेगडी अंगणात न्या, दार-खिडकी उघडा, ताईला, बाळाला आणि आज्जीला दुसऱ्या खोलीत हलवा. आणि आजच, उद्या नाही, तिघींना दवाखान्यात दाखवा. गाडीची सोय नसेल, कुणाला गुंगी किंवा उलटी असेल तर १०८ लावा.

ऑक्सिमीटरच्या ९८ वर अजिबात जाऊ नका. बोटाला लावायच्या त्या मशीनला ऑक्सिजन चिकटलेलं हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन यातला फरक कळत नाही, दोन्ही त्याला लालच दिसतात, म्हणून माणूस विषबाधेनं अर्धा झालेला असला तरी आकडा चांगला येतो. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपट जोरानं चिकटतो. डॉक्टरला नुसतं डोकं दुखतंय म्हणू नका, बंद खोलीत कोळशाची शेगडी होती आणि मीटरवर ६८ आला होता असं स्पष्ट सांगा, म्हणजे ते रक्तातलं कार्बॉक्सीहिमोग्लोबिन, म्हणजे हा वायू चिकटलेलं हिमोग्लोबिन, तपासतील. उशीर केला तर तपासणीतही नीट सापडत नाही, कारण साध्या हवेत त्यातलं निम्मं चार-पाच तासात उतरतं, मास्कनं पूर्ण ऑक्सिजन दिला तर तास-दीड तासात.

अजून एक, बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत बीपी वाढूनही डोकं दुखतं आणि तेही जिवावर बेतू शकतं, तर बीपी मोजल्याशिवाय ताईला घरी आणू नका. घरच्यांना एक विचारा, ताई उन्हात बाहेर बसली की डोकं हलकं होतं आणि खोलीत आली की परत ठणकतं का? ताप नाही, पण डोकेदुखी, मळमळ, चक्कर, आणि खोलीतल्या सगळ्यांनाच थोडं थोडं, ही या वायूची खूण असते. बाळ बोलत नाही, त्याला मोठ्यांच्या आधी लागतं.

वायरमन_नांदेड
सिस्टरताई बोलल्या ते आधी करा, मी फक्त अलार्मचं सांगतो. पीस खराब नाही. मागं ईएन ५०२९१ हे युरोपचं मानक लिहिलंय का बघा. त्या मानकाचा अलार्म ३० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ३० भाग सीओ, तुमचा ६८ चा आकडा तोच) दोन तासांच्या आत वाजायचाच नाही, ५० ला ६० ते ९० मिनिटांत वाजतो, १०० ला १० ते ४० मिनिटांत, आणि ३०० झाला तर ३ मिनिटांच्या आत. यूएल २०३४ हे अमेरिकेचं मानक लिहिलं असेल तर ७० ला एक ते चार तास, १५० ला १० ते ५० मिनिटं. माणसाच्या रक्तात तो किती वेळात किती साचतो त्या हिशोबानं ही वेळ ठरवलेली आहे, उदबत्ती लावली की लगेच बोंबलावं असं ते यंत्र नाही. पण हा हिशोब धडधाकट मोठ्या माणसाचा, सोळा दिवसांच्या लेकराचा नाही. तिच्या खोलीत वाजायची वाट बघायची नाही, आकडा शून्यावरून हलला की कारण शोधायचं. आणि मागं कुठलंच मानक लिहिलेलं नसेल तर मात्र खरंच परत पाठवा, तसल्या डब्याच्या भरवशावर झोपायचं नाही.

आता वर का खाली. दुकानदार सिलिंडरच्या गॅसचं सांगायलाय. एलपीजी हवेपेक्षा जड, फरशीवर पसरतो, म्हणून त्याचा डिटेक्टर खाली. कार्बन मोनॉक्साइड जवळपास हवेइतकाच, किंचित हलका, तो हवेत मिसळून सगळ्या खोलीत फिरतो. झोपायच्या खोलीत जिथं जळणारं काही नाही तिथं झोपणाऱ्याच्या डोक्याच्या उंचीला लावा. ज्या खोलीत गिझर, शेगडी, चूल असं काही आहे तिथं भिंतीवर वर, छतापासून वीतभर खाली पण दारा-खिडकीच्या चौकटीपेक्षा उंच, आणि जळणाऱ्या वस्तूपासून आडवं एक ते तीन मीटर लांब. पडद्यामागं नको, कपाटात नको, पंख्याच्या किंवा खिडकीच्या झोतात नको, गॅसच्या बरोबर वर नको. तुमच्या पत्रकात वेगळं लिहिलं असेल तर पत्रक खरं. आणि दोन्ही गॅसचा एकच डबा म्हणून विकतात तो घेऊ नका, एकाला खाली पाहिजे आणि एकाला वर, तो लावणार कुठं?

बाथरूमच्या आत लावायचा नाही, वाफेनं सेन्सर खराब होतो. पत्र्याच्या खोलीत पण विचार करून, बहुतेक डब्यांवर कमाल ४० डिग्री लिहिलेलं असतं आणि आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याखाली त्याच्या वर जातं. बॅटरीवरचा घेतला ते बेस, लाइट जायचा भरवसा नाही.

बालाघाट_बीड
वायरमनदादा बरोबर सांगायलेत, पण मामा, तुमचा गिझर बाथरूममध्ये आहे त्यावर कुणी बोललंच नाही म्हणून लिहितो. तीन वर्षांपूर्वी आमच्या घरी मोठ्या भावजयीला दार तोडून बाहेर काढलं होतं. बाथरूम चार बाय सहाचं, वरची जाळी थंडीमुळं पुठ्ठा लावून बंद केलेली, आणि गिझर आत. बसवणाऱ्यानं पाइप कमी पडायला म्हणून आतच ठोकून दिला, आम्हाला काय माहीत. पोरानं आवाज दिला, आतून उत्तर नाही, नुसता पाण्याचा आवाज. देवाची कृपा, दार जुनं होतं, दोन धक्क्यात निघालं. ती वाचली पण चार दिवस दवाखान्यात होती. त्या दिवशी बाहेर हॉलमध्ये अलार्म असता तरी तो वाजेपर्यंत आतलं माणूस पडलेलंच असतं, कारण दार बंद.

म्हणून गिझर बाहेर काढा, भिंतीच्या पलीकडं उघड्यावर, नुसतं गरम पाणी पाइपनं आत घ्या. आम्ही तसंच केलं, अर्ध्या दिवसाचं काम आहे. तोवर पाणी बादलीत भरून गिझर बंद करायचा आणि मगच अंघोळीला आत जायचं, आतली कडी लावायची नाही.

आणि कुणी अलार्म तपासायला गाडीच्या सायलेन्सरपुढं धरू नका, आमच्या शेजाऱ्यानं तेच केलं. टेस्टचं बटण दाबून आवाज बघायचा, पत्रकात सांगितलंय तितक्या दिवसांनी. बटण आवाज आणि बॅटरी तपासतं, सेन्सरचं वय त्यानं कळत नाही, ते पाच-सात वर्षांत संपतं, काहींचं दहा. डब्याच्या मागं तारीख असते.

परभणीचा_मामा
मंडळी, काल दुपारीच तिघींना घेऊन गेलो. बीपी ठीक निघालं. डॉक्टरांनी ताईला आणि आज्जीला मास्क लावून ऑक्सिजन दिला, बाळाला रात्रभर ठेवून घेतलं. रक्तात सीओ सापडला, थोडा, पण सापडला. आज सकाळी सगळे घरी. ताईचं डोकं थांबलंय. सिस्टरताई, तुम्ही लिहिलं नसतं तर मी अलार्म परत पाठवून बसलो असतो आणि शेगडी तशीच राहिली असती, खरं सांगतो.

आज्जीला समजावणं अवघड गेलं. ती म्हणायली धूर कुठं आहे, निखारे लाल झाल्यावरच तर मी शेगडी आत आणते. मग मी तिला पडवीत बसवलं, बिनधुराच्या लाल निखाऱ्याची शेगडी ठेवली, एक दार लोटलं, दुसरं उघडं ठेवलं आणि अलार्म तिच्या हातात दिला. ३१, ४०, ५२. तिला वाचता येतं. तिनंच उठून शेगडी बाहेर नेली. आता तव्यावर ओवा गरम करून फडक्याच्या पुरचुंडीनं ताईची पाठ-कंबर शेकते, खोलीच्या खिडकीची एक फळी उघडी असते आणि झोताच्या बाजूला बाज नाही.

पहिला अलार्म ताईच्या खोलीत डोक्याच्या उंचीला लावला. गिझर शनिवारी बाहेर निघेल. दुसरा जुन्या घरात आई-दादांच्या खोलीत, त्यांच्या शेजारच्या न्हाणीत तांब्याचा बंब पेटतो म्हणून. मातीच्या भिंतीत स्क्रू धरेना, लाकडी पट्टी खुंट्यांवर ठोकून त्यावर बसवला. पण तिथं बंब विझलेला असताना पण पहाटे १८-२० दाखवायलाय. तिथंच इन्व्हर्टर आहे. त्याचा काय संबंध असंल?

वायरमन_नांदेड
असू शकतो. पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि या सेन्सरला हायड्रोजन पण सीओसारखाच लागतो. पण आधी बंबाचं धुराडं वरून बघा, पक्ष्याचं घरटं किंवा काजळी असते, आणि राखेत निखारा राहिलाय का तेही. एक रात्र बंब पेटवूच नका आणि आई-दादांना दुसरीकडं झोपवा. तरी आकडा आला तर बॅटरी पडवीत हलवा आणि परत बघा. बॅटरी हलवल्यावर शून्य झाला तर तीच, आणि ती तशीही झोपायच्या खोलीत नकोच. आकडा तरी राहिला तर मला इथं लिहा, तोवर त्या खोलीत कुणी झोपू नका.