आवाजी एक्झॉस्टमध्ये काढता-घालता येणारा सायलेन्सर : नीट पक्का बसवला तर काय चूक?

उद्यमनगरी
माझ्याकडे २००१ ची होंडा सिटी व्हीटेक आहे. आधीच्या मालकाने मागचा सायलेन्सर कापून सरळ पाइप आणि मोठी टिप लावलेली, आणि गाडी मी त्या आवाजावर भाळूनच घेतली, खोटं कशाला बोलू. पण घरात तान्ही पोरगी आल्यापासून रात्री गल्लीत गाडी घालायची म्हटलं की जीव खाली-वर होतो. मूळचा सायलेन्सर तीन महिने शोधला, मिळाला तो गंजून चाळण झालेला. मग डीबी किलर करून घेतला, म्हणजे टिपच्या आत बसणारी भोकाभोकांची नळी, भोवती ग्लासवूल, तोंडाला चकती आणि खालून एक बोल्ट.

तो सहाव्या दिवशी उडाला. कागलच्या पुढे हायवेवर गियर उतरवला, पाइपात फाटकन फटाका वाजला, आरशात बघतो तर नळी रस्त्यावर गडगडत चाललीय आणि मागून एक बाइकवाला. त्याने ऐनवेळी बाजूला घेतली म्हणून वाचला. गाडी कडेला लावली तर माझे हात थरथरत होते. बोल्टला नायलॉक नट मारला होता, तो साधारण १२० अंशांपर्यंतच धरतो, पुढे आतलं नायलॉन मऊ पडतं आणि कंपनाने नट निघून जातो.

आता परत केलाय. नळीची कॉलर लेथवर टर्न करून घेतली, हाताने जेमतेम सरकेल एवढीच फट. एकाऐवजी तीन बोल्ट, ८ एमएम, गोलात सारख्या अंतरावर, नट कॉलरला आतून वेल्ड केलेले. आट्यांना कॉपर ग्रीस, नाहीतर स्टेनलेसवर स्टेनलेस जाम होतं आणि उघडताना बोल्ट तुटतो. बोल्टच्या डोक्यांना भोक पाडून सेफ्टी वायर पिळून टाकली. चकतीला खालच्या बाजूला बारीक भोक ठेवलं, पाणी साचू नये म्हणून. दोन महिने झाले, हललेला नाही.

माझं मत असं की गाडी आधीच आवाजी असेल तर हा प्रामाणिक मार्ग आहे, आणि अशा माणसाला मुद्दाम आवाज करत फिरणाऱ्या पुंगळीवाल्या पोरांच्या रांगेत उभं करू नये.

सीपीआरजवळची
दादा, बाइकवाला वाचला हे देवाचे उपकार. पण तुमचं मत मला पटत नाही.

आमच्या शेजारी अशीच एक गाडी आहे. त्या मुलाने पण सगळ्यांना सांगितलं की काकू आता डीबी किलर बसवलाय, त्रास होणार नाही. मी एकदा दूध आणायला जाताना वाकून बघितलं. सगळा पाइप काजळीने काळा, आणि बोल्टचं डोकं तेवढं पांढरं चकचकीत, कडा घासून गोल झालेल्या. म्हणजे पाना रोज लागतोय ना त्याला? दिवसा घातलेला, रात्री मित्र आले की काढलेला. आईचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर ती अकरा वाजता दचकून उठायची आणि मग पहाटेपर्यंत डोळा नाही. आमच्या सीपीआर दवाखान्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र आहे, बोर्ड आहे, सगळं आहे.

काढता येतो म्हणजे कधीतरी काढणारच. तुम्ही नसाल काढत, पण ज्याला तुम्ही गाडी विकाल तो? खरंच शांतता हवी असेल तर बोल्ट कशाला ठेवलाय?

तिसरा गियर
ताई, सगळ्यांना एका मापात नका तोलू. बोल्ट ठेवावाच लागतो, आतलं ग्लासवूल जळून झडतं, ते बदलायला नळी बाहेर काढायला नको?

वर्कशॉप_पंचवीस_वर्षं
ग्लासवूल बदलायचं खरं आहे, पण ते वर्षा-दोन वर्षांतून एकदा, रोज नाही. माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. हा डीबी किलर वरचा कर्कश आवाज मारतो, खालची घूं घूं तशीच राहते. चार सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमला सेकंदाला १०० वेळा पेटतं, तो १०० हर्ट्‌झचा आवाज वीतभर नळीने अडत नाही, त्याला पोट असलेला डबा लागतो, चेंबर लागतात. मालकाला वाटतं आवाज गेला, आणि भिंतीपलीकडच्या माणसाच्या छातीत तीच घूं घूं बसते. शिवाय तोंड आवळलं की वरच्या आरपीएमला इंजिन गुदमरतं, मग चिडून माणूस परत नळी काढतो, हे डोळ्यांनी बघितलंय. पाइपात मधे रेझोनेटर, म्हणजे घूं घूं मारणारा छोटा डबा, आणि मागे नीट मफलर, म्हणजे पूर्ण सायलेन्सर, वेल्ड करून घ्या, उद्यमनगरात कुणीही करून देईल.

लेस्टरकर
मूळचा सांगलीचा, आता इंग्लंडात. इकडे ट्रॅक डेला, म्हणजे रेसच्या ट्रॅकवर आपापली गाडी पळवायच्या दिवशी, हे सर्रास वापरतात. आत सोडायच्या आधी माइक टिपपासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशात धरतात, इंजिन कमाल आरपीएमच्या पाऊण पटीवर ठेवायला लावतात, आकडा जास्त आला की घरी जा. आमच्या जवळच्या मॅलरी पार्क रेस ट्रॅकचं आवाजाचं भांडण शेजारच्या गावाशी इतकं वाढलं की २०१३ मध्ये कोर्टापर्यंत गेलं. म्हणून लोक उलट ट्रॅकवर जाताना नळी घालतात! त्यामुळे वस्तू वाईट नाही, मोजणारा कुणी असला की ती कामाची आहे. तिकडे पीयूसीत आवाज मोजतच नाहीत, धूर मोजतात, तिथेच सगळं अडतं.

काळा कोट
कायदा सांगतो, कारण धाग्यात 'रांगेत उभं करू नये' म्हटलंय. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं कंपनीने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल करायचा नाही. केला तर १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आवाजाचं १९०(२) वेगळं, पहिल्या वेळी १०,००० पर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि तीन महिने लायसन्स बाद. कारसाठी कंपनीला मर्यादा ७४ डेसिबल आहे, साडेसात मीटरवरून. उद्यमनगरी, तुमची नळी कितीही पक्की असली तरी कापलेला पाइप हा बदल राहतोच.

उद्यमनगरी
सगळं वाचलं, दोनदा वाचलं. कोटवाले दादा, दंड बसला तर भरीन, पण बदल मी केला नव्हता आणि मी तो कमी करतोय हे पण कुणीतरी बघावं असं वाटतं, हे माझं अजून म्हणणं आहे.

काकू, तुमचं चकचकीत डोकं मात्र डोक्यातून जाईना. रात्री टॉर्च घेऊन खाली वाकून बघितलं. माझी तिन्ही डोकी काळी आहेत, वायरला गंजाचा रंग चढलाय. पण गाडी विकल्यावर काय, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर्कशॉपवाले, मफलर कुठल्या मापाचा घेऊ आणि पाइप कुठे कापायचा ते सांगा, बोल्टची नळी मग काढूनच टाकतो.

वर्कशॉप_पंचवीस_वर्षं
फोटोवर नाही सांगता येत, गाडी लिफ्टवर घेऊन मागच्या ॲक्सलजवळ जागा किती आहे ते बघावं लागेल. सकाळी लवकर जा, पाइप गार असतो. आणि वेल्डिंगच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायला सांगा, ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जळाला तर या गाडीचा परत मिळायचा नाही.