गच्चीवरच्या गोण्या कोणाच्या?

सानिका (बी ६०२): नमस्कार 🙏 प्लास्टरच्या कामाच्या सिमेंटच्या रिकाम्या गोण्या गच्चीवर पडल्यात. आमच्या कॉलेजच्या पर्यावरण मंडळाला त्या हव्या आहेत. शहापूरजवळच्या एका पाड्यावर पुढच्या रविवारी वनराई बंधारा घालायचाय, म्हणजे माती भरलेल्या गोण्या रचून ओढा अडवायचाय. ३०० तरी लागतील, १४० जमल्यात. प्लीज कोणी भंगारात देऊ नका.

जोशी काकू (ए ३०४): किती छान गं! आमच्याकडे जुने कपडे आहेत दोन बॅगा भरून. नेशील का त्या लोकांना?

सानिका: काकू, रागावू नका, पण कपडे नकोत. गेल्या वर्षी नेले होते. त्यात एक शेरवानी निघाली आणि चार ब्लेझर. अजून समाजमंदिराच्या कोपऱ्यात पडून आहेत.

जोशी काकू: शेरवानी आमचीच होती बहुतेक 😅

सेक्रेटरी: गोण्या कॉन्ट्रॅक्टरच्या आहेत. तो नगावर विकतो. विचारून सांगतो.

देशपांडे काका (ए १०१): सिमेंटचे पैसे सोसायटीने भरले, मग गोण्या त्याच्या कशा? कोटेशन काढून बघा.

सेक्रेटरी: काका, ते मीटिंगला.

देशपांडे काका: आणि मला एक सांगा, भातसा, तानसा दोन्ही धरणं शहापूर तालुक्यात. आपल्या नळाला पाणी तिथूनच येतं. तिथल्या लोकांसाठी पोरांनी गोण्या गोळा करायच्या? सरकार काय करतंय?

सानिका: बरोबर आहे काका. पण धरणाचं पाणी खाली आणि पाडे वर डोंगरात. पावसाळ्यात तिकडे बदाबदा कोसळतो, पण खाली काळा कातळ, वर उतार. मुरायला जागाच नाही, सगळं वाहून जातं. मार्चपासून टँकर. भावली धरणातून पाणी आणायची योजना आहे, ती होईल तेव्हा होईल.

कदम (सी ५०५): मुलांना मार्क मिळत असतील ना याचे?

सानिका: एनएसएसवाल्यांना मिळतात. आम्ही नुसतंच मंडळ. आम्हाला वडापाव मिळतो, तोही आपापल्या पैशांनी.

कदम: मस्करी केली गं. पण पर्यावरण मंडळ ओढ्यात प्लास्टिकच्या गोण्या टाकणार, हे जरा विचित्र नाही का?

सानिका: नाही, मस्करी नाही, हा प्रश्न आमच्यातही निघाला होता. उन्हाने गोणीचा भुगा होतो आणि तो ओढ्यात जातो. म्हणून उन्हाळ्यात ओढा आटला की गोण्या उपसून परत आणायच्या, असं ठरवलंय. गेल्या वेळी ८० टक्के आणल्या. उरलेल्या सापडल्याच नाहीत, खोटं कशाला बोलू.

जोशी काकू: पण एवढं करून पाणी टिकतं किती?

सानिका: उन्हाळ्यापर्यंत नाही टिकत. मागच्या वर्षी जानेवारीअखेर होतं. तेवढ्यात गुरांना पाणी मिळालं, बायकांची धुणी तिथेच झाली, दोन घरांनी वाल केला. खालच्या विहिरीचं पाणी जरा उशिरा आटलं म्हणतात, पण आम्ही मोजलं नव्हतं. या वर्षी काठावरून दोरी सोडून दर पंधरा दिवसांनी मोजणार आहोत.
आणि बंधारा दिवाळीच्या आधीच व्हायला हवा. ओढ्याला धार आहे तोवर अडवला तर उपयोग. शिवाय दिवाळीनंतर अर्धा पाडा वीटभट्टीवर जातो, मग हाताखाली माणूस नाही.

देशपांडे काका: जागा कोणी ठरवली? सरांनी?

सानिका: सरांनी वळणावर ठरवली होती, तिथे ओढा अरुंद आहे म्हणून. एक आजी शेळ्या घेऊन चालल्या होत्या, थांबून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, इथं घालाल तर पाणी बाजूचा काठ खाईल, शेत जाईल. काठीने खालची जागा दाखवली, दोन्हीकडे खडक. तिथेच घातला. सर काही बोलले नाहीत 😄

देशपांडे काका: आजी बरोबर. आमच्या गावी चुलत्यांनी असाच वळणावर घातला होता, पुढच्या पावसात आंब्याची दोन कलमं गेली. गोण्या रचता कशा?

सानिका: विटांसारख्या, सांध्यावर सांधा येऊ न देता. भरायच्या पाऊणच, म्हणजे चपट्या बसतात. मधे माती ठोकायची. तोंडं सुतळीने शिवायची, त्यात सगळा वेळ जातो. दाभण एकच आहे, त्याच्यासाठी रांग लागते.

सेक्रेटरी: कॉन्ट्रॅक्टरशी बोललो. १२० देतो म्हणाला, बाकीच्या त्याने आधीच विकल्या. गच्चीची किल्ली वॉचमनकडे. गोण्या खालीच झटका, जिन्यात सिमेंट नको.

कदम: आमच्या साइटवर ५०-६० असतील. गाडीत टाकून शनिवारी आणतो.

जोशी काकू: कपडे नको तर चकल्या देते. त्या तरी समाजमंदिरात पडून राहणार नाहीत.

सानिका: चकल्या पळतील काकू 🙏 रविवारी पहाटेची आसनगाव लोकल, कोणाला यायचं असेल तर या. टोपी आणि जुने बूट आणा.

देशपांडे काका: माझे गुडघे नाहीत आता. आईची दोन दाभणं आहेत घरात, जाड, गोधडीची. संध्याकाळी येऊन घेऊन जा. परत हवीत.