ब्रेक न दाबताच मागचे दिवे पेटतात. सेन्सर गेला की आणखी काही?

खाडीकाठ, देवगड
नमस्कार मंडळी. गाडी २०१६ ची, पेट्रोल ऑटोमॅटिक. मागच्या आठवड्यात सकाळी बॅटरी साफ उतरलेली. जुनी झाली असेल म्हणून चार्ज करून घेतली. परवा रात्री शेजारच्या काकींनी हाक मारली, "अरे, तुझ्या गाडयेचे पाठचे दिवे पेटतत मगे!" बाहेर येऊन बघतो तर चिऱ्याचा गडगा लालेलाल, आणि गाडी बंद, चावी माझ्या खिशात. क्रूझही (पायाशिवाय वेग धरून ठेवणारं) लागत नाही, ईएसपीचा, म्हणजे गाडी घसरू नये म्हणून असलेल्या यंत्रणेचा, दिवा अधूनमधून येतो. एका वर्कशॉपात एबीएसचं (ब्रेक मारल्यावर चाकं लॉक न होऊ देणारं) युनिट बदला म्हणाले, खर्च पाच आकडी. पुढच्या आठवड्यात आईला तपासणीसाठी फोंडा घाटातून कोल्हापूरला न्यायचंय. दिवे सतत पेटलेले असले तर मी ब्रेक मारला हे मागच्याला कळणार कसं? घाटात, पावसात, याचीच धास्ती वाटते.

दहाबाराचा पाना, कुडाळ
दादा, युनिटला हात लावू देऊ नका. आधी एक सांगा, ब्रेकवर पाय न ठेवता गिअर पी (पार्किंग) मधून निघतो का? हँडब्रेक ओढून, चाकाला दगड लावून बघा.

खाडीकाठ, देवगड
निघतो! हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

दहाबाराचा पाना, कुडाळ
म्हणजे पाय ब्रेकवरच आहे असं गाडी धरून चालली आहे. क्रूझ त्यामुळेच लागत नाही.

आता टॉर्च घेऊन ड्रायव्हरच्या पायाकडे वाका. पेडलच्या दांड्याला वर जिथे ब्रॅकेट आहे तिथे स्विच असतो, त्याला बारीक दट्ट्या. पेडल मोकळं असताना दांडा हा दट्ट्या आत दाबून धरतो, पाय दिला की दट्ट्या बाहेर येतो आणि दिवे लागतात. दट्ट्या टेकतो तिथे दांड्याला भोक असतं आणि त्यात रबराचा किंवा प्लॅस्टिकचा छोटा स्टॉपर बसवलेला असतो. उन्हाने, वयाने तो कडक होतो आणि एक दिवस तुकडे होऊन पडतो. मग दट्ट्या भोकातून आरपार जातो. मॅटवर चुरा दिसतो का बघा.

दट्ट्या बोटाने दाबा. दिवे विझले तर स्विच ठणठणीत, स्टॉपर गेला. नाही विझले तर कनेक्टर काढा. आता विझले तर स्विच खराब, तरीही पेटलेच राहिले तर वायरिंग बघावं लागेल. पावसाळ्यात उंदीर वायरी कुरतडतात, आमच्याकडे दर साली दोन-तीन गाड्या तशा येतात.

बऱ्याच गाड्यांत स्विचला चार वायरी असतात, दोन जोड्या. एक जोडी दिव्यांची, दुसरी इंजिनच्या कॉम्प्युटरची, आणि दोन्ही एकमेकींच्या उलट चालतात. एक जुळली की दुसरी तुटते. मल्टिमीटर लावून दट्ट्या दाबत-सोडत बघा, एखादी जोडी बदलतच नसेल तर स्विच बदला. स्कॅनरवर पी०५०४ हा बिघाडाचा कोड आला तर या दोन जोड्यांचा मेळ बसत नाही एवढाच त्याचा अर्थ.

समुद्राकडची, गुहागर
माझं उलटं झालेलं, ब्रेक दाबूनही दिवा नाही. मागच्या काचेतला वरचा ब्रेकचा दिवासुद्धा बंद होता, म्हणून बल्ब सोडून फ्यूज बघितला, तो चांगला. शेवटी कनेक्टर उघडला तर पिना हिरव्यागार. खारी हवा, दुसरं काय. काँटॅक्ट क्लीनर मारून साफ केल्या, अजून चालू आहे.

खाडीकाठ, देवगड
मॅट उचलली, क्लचचं पेडलच नसलेल्या त्या रिकाम्या कोपऱ्यात निळसर प्लॅस्टिकचे चार तुकडे! दट्ट्या दाबला, बायको मागून ओरडली, "विझले!" स्टॉपर कणकवलीला सांगून ठेवलाय, परवा मिळेल. तोवर भोकात नटबोल्ट बसवू का?

दहाबाराचा पाना, कुडाळ
घरापासून दुकानापर्यंत चालेल, तोही चपट्या डोक्याचा आणि घट्ट आवळलेला. घाटात नको. हादऱ्याने सुटून पेडलखाली पडला तर ब्रेकच लागणार नाही, आणि गाडीत आई असणार. खरा स्टॉपर बसवा, मग रात्री गडग्याकडे तोंड करून नाही, पाठ करून गाडी लावा आणि लाल उजेड पडत नाही ना ते बघा.

खाडीकाठ, देवगड
बसवला. ८० रुपये. गडगा काळोखात आहे. काकींनीही येऊन बघितला.