मदत हवी आहे: एनएसी (एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन, एक अँटिऑक्सिडंट) दाहाची प्रक्रिया नेमकं कुठे अडवतंय?

पुण्यात एमएस्सीचा प्रकल्प करतेय. टीएचपी-१ पेशी (माणसाच्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींची प्रयोगशाळेतली मालिका) पीएमए हे रसायन देऊन चिकटवल्या, मग ४ तास एलपीएस (जिवाणूंच्या आवरणातला घटक, जो एनएफ-कप्पा बी हा दाहक जनुकं चालू करणारा मार्ग जागवतो), शेवटी १ तास १० मायक्रोमोलर नायजेरिसिन (हे एनएलआरपी३ हा आयएल-१ बीटा बाहेर सोडायला लावणारा प्रथिनसंच चालू करतं). एलपीएसच्या अर्धा तास आधी ५ मिलिमोलर एनएसी दिलं की आयएल-१ बीटा हे दाहक प्रथिन जवळजवळ दिसतच नाही. पण टीएनएफ हे दुसरं दाहक प्रथिन, ज्याला एनएलआरपी३ लागत नाही, तेही निम्म्यावर येतं, आणि तिथेच मी अडकलेय. एनएसी आम्लधर्मी, म्हणून पीएच ७.४ करूनच घातलं. नायजेरिसिनपूर्वी ट्रिपॅन ब्लूने पाहिल्या, पेशी जिवंत आहेत. रॉ २६४.७ (उंदराच्या मॅक्रोफेज पेशी) कृपया सुचवू नका, त्यांत एनएलआरपी३ ला लागणारं एएससी हे जोड-प्रथिन नसतं. वेस्टर्न ब्लॉटची सोय नाही, फक्त एलायझा आणि आरटी-पीसीआर.

एनएसी एलपीएसनंतर, नायजेरिसिनच्या आधी दिलं तर एनएलआरपी३ वरचा परिणाम एनएफ-कप्पा बीपासून वेगळा काढता येईल का? आणि किती मिनिटं आधी द्यावं?